कुणग्यातला स्का

मालवणच्या बाजारात मासे घ्यायला गेलो की कोणी ना कोणी माझ्या डाव्या मनगटाकडे बघून विचारतं, "आता कसो आसा हात?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी उभा असलेला माणूस सांगून मोकळा होतो. त्या बाजावाल्यांच्या कार्यक्रमात परगावच्या पोरांनी धक्काबुक्की केली, म्हाताऱ्याला खाली पाडलं, देवानेच इशारा दिला. हे सांगणारी माणसं त्या संध्याकाळी तिथे नव्हती. मी होतो. मला कोणी पाडलं नाही. आमच्या गावाला आता खरं काय ते माहीत आहे, पण गावाबाहेर अजून जुनीच गोष्ट फिरते, आणि ती फिरायला मीच सोडली होती, गप्प बसून. तेव्हा झालं ते झालं तसं एकदा लिहून ठेवतो.

आमचं गाव तारकर्लीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. माडांची राई संपली की भाताचे कुणगे, बांध घातलेले शेताचे तुकडे, लागतात. मी आयुष्यभर भाताची गिरणी चालवली. डिझेलचं इंजिन, त्याला लांब पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गिरणीचं चाक. इंजिन ठोका द्यायचं, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पट्ट्याचा जोड चाकावर आपटायचा. धुक्, फट्. धुक्, फट्. सुगीच्या दिवसांत हे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायचं. उभ्या उभ्या पेंग येऊ नये म्हणून मी एकेक पाय उचलून ठेवायचो, आणि पाय पडायचा तो ठोक्यावर नाही, जोडावर. गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली. इंजिन भंगारात गेलं. कानातून मात्र ते गेलं नाही.

माझ्या घराशेजारी, चिऱ्याच्या गडग्यापलीकडे, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतीपलीकडे, एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्या घरचा कर्ता माझ्याच वयाचा होता, आता तो नाही. त्याची बायको आहे, आणि तिशीतला एकुलता मुलगा. मुलगा गोव्यात एका शाळेत संगीत शिकवतो आणि शनिवार-रविवारी घरी येतो. तो ट्रॉम्बोन वाजवतो. पितळेचं लांबलचक वाद्य, त्याची नळी पुढेमागे सरकवून सूर काढायचा. गेली दोन-तीन वर्षं तो बरोबर दोस्तांना घेऊन येऊ लागला. एक गिटारवाला, एक ट्रम्पेटवाली, ड्रमवाला, आणखी दोघंतिघं. घरापुढच्या खळ्यात फणसाखाली त्यांचा सराव चालायचा.

पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचा गिटारवाला कच्चा आहे. ठोका एकीकडे पडतोय आणि हा दुसरीकडे मारतोय. पण संध्याकाळभर ऐकल्यावर लक्षात आलं की तो प्रत्येक वेळी त्याच जागी चुकतो आहे. इतकं नेमाने कोणी चुकत नाही. मी वाण्याकडे जायला निघालो होतो, तो पिशवी हातात घेऊन गडग्याशीच उभा राहिलो. मग एकदम उमगलं. हा तर पट्ट्याचा जोड.

मी तसाच पलीकडे गेलो.

"काय रे," मी मुलाला विचारलं, "तुझो तो गिटारवालो ठोक्यार कित्या मारणा नाय?"

"तसाच आसता ता, काकानू. ठोको सोडायचो आणि मधी मारूचा."

"म्हणजे रिकाम्या जागेत."

"रिकाम्या जागेतच."

"आणि ह्याका म्हणतत काय?"

"स्का."

"म्हणजे काय?"

त्याने जरा विचार केला. "गिटार काय म्हणता ता आयका. स्का, स्का, स्का. जमैका म्हणान एक बेट आसा, थयसून इला ह्या."

"थय काय आसा?"

"समुद्र, माड, मासे."

"मगे भाताची गिरणी पण असतली," मी म्हणालो. तो हसला, पण मी थट्टा करत नव्हतो. कुठल्या लांबच्या बेटावर कोणाला तरी दोन ठोक्यांमधली जागा ऐकू आली, याचं मला खरोखरच नवल वाटत होतं. ती मला कोणी न शिकवता माहीत होती आणि मी आजवर कोणाशी तिच्याबद्दल बोललो नव्हतो. बोलायचं तरी काय?

त्यानंतर दर शनिवारी मी आमच्या बाजूने गडग्याला लागून खुर्ची टाकू लागलो. गाण्यांची नावं मला येत नसत, म्हणून मीच ठेवली. एक घसरणारं, एक रडकं, एक शिडीवरून उतरणारं. मध्येच मी ओरडून सांगायचो, "ता शिडयेवरचा वाजव रे," आणि ती पोरं वाजवायची. बायको म्हणायची, "गडग्याक कान लावन बसतास. लोकांका वाटात, तुम्ही दुसऱ्याच्या घरातल्यो गजाली आयकतास."

"आयकतंयच," मी म्हणायचो. "त्या बेटावरच्यो."

भात कापून झालं आणि त्या मुलाने ठरवलं, आपल्या रिकाम्या कुणग्यात मोठा कार्यक्रम करायचा. गोव्यातून लोक येतील, कोल्हापूर-पुण्याकडचे येतील, तारकर्लीला उतरलेले पर्यटक येतील. त्यासाठी गावच्या मानकऱ्यांची परवानगी हवी होती. मानकरी माझ्याच बरोबरीचे. ते म्हणाले, "धा वाजता बंद होवक व्हया. आणि आधी गाऱ्हाणा. गाऱ्हाण्याशिवाय त्या कुणग्यात क्रिकेटचो चेंडू पण पडणा नाय."

"गाऱ्हाणा व्हयाच आसा," मुलगा म्हणाला. "नायतर आवस माका जेवक वाढूची नाय."

आमच्याकडे कोणतंही कार्य असो, सुरुवातीला नारळ हातात घेऊन गावच्या देवाला सगळं सांगायचं असतं. कोण जमले आहेत, काय करणार आहेत, आणि त्यात विघ्न येऊ देऊ नको. एकेका वाक्यानंतर जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." हा मान आमच्या घराकडे आहे. माझ्या वडिलांनी मला गाऱ्हाणं शिकवताना एकच अट घातली होती. देवाला सांगताना वाढवायचं नाही आणि लपवायचं नाही. शब्द तुझे तू निवड, म्हणाले, पण खरं तेवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी मी धोतर नेसलो, टोपी घातली, खांद्यावर उपरणं घेतलं आणि दिवस कलताना कुणग्यावर गेलो. इतकी माणसं मी त्या शेतात कधी पाहिली नव्हती. मोटरसायकली रस्त्याच्या कडेने माडांपर्यंत लागलेल्या. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे मोजे घातलेल्या मुली, बाही कापलेले शर्ट घातलेले मुलगे, एकाच्या गळ्यात टाय आणि खाली अर्धी चड्डी. कोणी कोणाच्या खांद्यावर बसलेलं. आमच्या गावची मंडळी एका बाजूला खुर्च्यांवर, हात घट्ट बांधून. त्यात एक खुर्ची माझी.

मला माइकसमोर उभं केलं. समोरची पोरं शिट्ट्या मारत होती. मला वाटलं, आपलं काही ऐकू जाणार नाही. मुलाने माइकवर सगळ्यांना सांगितलं, की हे काका देवाशी बोलणार, ते थांबले की आपण काय म्हणायचं. मी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या कुणग्यात तुझी लेकरा जमली आसत."

"व्हय म्हाराजा," पुढचे काही जण म्हणाले.

"कोण गावची, कोण परगावची. कोण तुका वळाखतत, कोण वळाखनत नाय. तरी तुझ्याच येशीत उभी आसत."

"व्हय म्हाराजा." आता सगळे. त्या आवाजाची धडक छातीवर बसली.

"ही पोरा वाजवतली, नाचतली, धूळ उडवतली. ता गोड मानून घे."

या वेळी त्यांच्या आवाजाखाली ड्रम वाजला, आणि पाठोपाठ ट्रम्पेट नि ट्रॉम्बोनने तेच तीन सूर उचलले. मी मागे वळून पाहिलं. मुलगा वाद्य तोंडाला लावून डोळ्यांनी म्हणत होता, चालू ठेवा. मी चालू ठेवलं. "कोणाक ठेच लागाक देव नको, कोणाचा वाकडा होवक देव नको," म्हटलं, नारळ फोडला, आणि त्या नारळाच्या आवाजावरच त्यांनी पहिलं गाणं सुरू केलं. ते घसरणारं.

मी खुर्चीवर येऊन बसलो. बसलो म्हणजे टेकलो. खुर्चीवरून फक्त पाठी दिसत होत्या आणि त्या पाठींच्या मधोमध काहीतरी घडत होतं, ते दिसत नव्हतं. धूळ वर उठत होती, अधूनमधून एखादा हात, एखादं डोकं वर येऊन परत खाली जात होतं. शेजारचे मानकरी म्हणाले, "मारामारी लागलीशी वाटता."

"बघून येतंय," मी म्हणालो आणि उठलो. इथूनच सगळं सुरू झालं. मला कोणी बोलावलं नव्हतं.

गर्दीच्या कडेला एक मुलगी दम खात उभी होती. पुण्याची असावी बोलण्यावरून. केस अर्धे निळे. मला बघून म्हणाली, "आजोबा, तुमचं ते व्हय महाराजा जबरदस्त होतं. परत म्हणा ना."

"ते परत परत म्हणत नाहीत. देव कंटाळतो," मी म्हणालो. "आत भांडण चाललंय का?"

"नाही हो, नाच आहे. गोल गोल पळायचं."

"एकमेकांवर आपटताय की."

"आपटायचंच असतं. राग धरायचा नाही."

"आणि कोणी पडलं तर?"

"मग सगळे थांबतात. उचलतात. बघा, बघा तिकडे."

तिने माझा हात धरून मला दोन पाठींमधून पुढे घेतलं. आत एक मोठं रिंगण होतं. एक जाडसर मुलगा पडला होता. त्याच्याभोवतीच्या सगळ्यांनी हात वर केले, मागून येणारे जागच्या जागी थांबले, चौघांनी त्याला काखेत धरून उभा केला, कोणीतरी त्याची चप्पल उंच धरून "कोणाची, कोणाची" विचारलं, ती त्याच्याकडे पोचली, आणि रिंगण पुन्हा फिरायला लागलं. दशावतार बघताना किंवा जत्रेत इतकी व्यवस्था मी कधी पाहिली नाही. आमच्या जत्रेत पडलेल्या माणसाची चप्पल दुसऱ्या दिवशी मिळाली तर मिळाली.

मग मी त्यांचे पाय बघू लागलो. गुडघा वर, विरुद्ध बाजूचा कोपर पुढे, जागच्या जागी पळल्यासारखं. पाय पडत होता तो ठोक्यावर नाही. मधल्या जागेत पडत होता. मी गिरणीत तसाच उभा राहायचो. कोणी माझ्याकडे बघत नसताना मी तेच करत होतो, आणि इथे कुठून कुठून आलेली पोरं तेच करत होती, एवढ्या जणांनी एकदम.

मी टोपी आणि उपरणं त्या मुलीकडे दिलं, चपला काढून तिच्या पायाशी ठेवल्या.

"आजोबा, नक्की?" तिने विचारलं.

"नक्की," मी म्हणालो.

आत धुळीचा, घामाचा आणि चेचलेल्या गवताचा वास होता. कापलेल्या भाताचे खुंट तळव्यांना टोचत होते. पहिल्यांदा एका पोराच्या खांद्यावर आपटलो, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि "सॉरी आजोबा" म्हणून जी आरोळी ठोकली, तिच्याबरोबर आजूबाजूच्या सगळ्यांनी थोडी थोडी जागा करून दिली. मी फिरलो. पाय आपोआप चालले होते. एक फेरा पुरा झाला, दुसरा सुरू झाला. कोण किती वयाचा, कोणाचा, कुठला, काही राहिलं नव्हतं. मग निऱ्यांतला सोगा सुटला, लोंबायला लागला, मला ते कळलं, एका हाताने मी तो खोचायला गेलो आणि माझाच उजवा पाय त्याच्यावर पडला. डावा हात टेकून मी आडवा झालो.

रिंगण थांबलं. हात वर झाले. चौघांनी मला उभं केलं, एकाने माझं धोतर कमरेशी गच्च खोचलं, आणि माझा चष्मा गर्दीच्या डोक्यावर उंच दिसला. "कोणाचा, कोणाचा?" मी हसत होतो. हात दुखायला लागला तो चष्मा डोळ्यांवर आल्यावर.

गावची मंडळी होती ती गर्दीच्या पलीकडे, त्यांना काही दिसलं नव्हतं. ट्रॉम्बोनवाला मात्र स्टेजवर उंच उभा होता. त्याने सगळं पाहिलं. तो वाद्य हातात घेऊनच खाली उतरला आणि मला बाहेर घेऊन आला. तेवढ्यात मानकरी आले, माझी बायको आली, आणखी चारपाच जण आले.

"कोणी पाडल्यान?" मानकऱ्यांनी विचारलं.

थोड्या वेळापूर्वी मी त्याच कुणग्यात देवापुढे हात जोडून उभा होतो. आता काय सांगायचं, की गाऱ्हाणेकार पोरांत घुसून उड्या मारत होता? "गर्दी होती," मी म्हणालो. एवढंच. शब्द खोटे नव्हते. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग मानकऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझी चूक. काकांका खुर्चेरच बसवन ठेवक व्हया होता."

हाताला प्लॅस्टर लागेपर्यंत गोष्ट माझ्या हातातून गेली होती. परगावच्या पोरांनी ओढत नेलं, तुडवलं. आणि मग कोणीतरी म्हणालं, ज्याने कोणाला ठेच लागू देऊ नको म्हणून गाऱ्हाणं घातलं तोच पडतो, याचा अर्थ देवाला हे मान्य नाही. मग तर कोणाचं काही चालेना. असा कार्यक्रम पुन्हा गावच्या हद्दीत नको, आणि त्या मुलाने खळ्यातही काही दिवस वाजवू नये, असं ठरलं.

माझ्या घरी माणसांची रीघ लागली. कोणी शहाळी आणली, कोणी गावठी अंडी. जो तो त्या मुलाला आणि त्याच्या दोस्तांना बोल लावायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "जाव दे." लोकांना वाटायचं, काय मोठं मन आहे.

एक दिवस शेजारीण आली, त्या मुलाची आई. हातात केळीच्या पानाने झाकलेला दोदोलचा थाळा. नारळाच्या रसात गूळ घालून तासन् तास ढवळत बसावं लागतं त्या मिठाईला. ती पायरीवरच उभी राहिली, वर आली नाही.

"भाऊनू," ती म्हणाली, "माझ्या झिलापायी तुमचो हात मोडलो. तो येवक लाजता. तेच्या वतीन मी माफी मागूक इलंय."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. समोर फक्त ती होती आणि आत माझी बायको. मी म्हणालो, "जाव दे गो वयनी. मी मनात काय ठेवूक नाय."

मी तिला माफ केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बरं म्हणून गेली. प्लॅस्टरमधला हात त्या वेळी मला फार सोयीचा वाटला, कारण तोंडापुढे धरायला काहीतरी होतं. दोदोल मी खाल्लं नाही. बायकोने खाल्लं आणि छान झालंय म्हणाली.

मुलगा शनिवारी यायचा बंद झाला. रविवारी सकाळी यायचा, आईला घेऊन चर्चला जायचा, जेवायचा आणि परत निघायचा. मी संध्याकाळी गडग्याशी खुर्ची टाकायचो आणि पलीकडे फणसाचं पान पडलं तरी ऐकू यायचं. आता मला त्या संगीताबद्दल काय काय विचारायचं होतं. ठोका सोडायला पहिल्यांदा कोण शिकलं? रिंगण उजवीकडून डावीकडे फिरतं, ते नेहमीच का? विचारायचं कोणाला, आणि कुठल्या तोंडाने?

पाऊस गेला, भात पोटरीला आलं. शेजारीण मानकऱ्यांकडे गेली आणि तिने सांगितलं, की मुलाला यंदा परत कार्यक्रम करायचा आहे. देवाला विचारा. देव नको म्हणाला तर मुलगा इथलं सगळं सोडून गोव्यातच घर करणार आहे. पुढचं ती बोलली नाही, पण बोलायची गरजही नव्हती. त्या घरात ती एकटी उरली असती. मानकऱ्यांनी दिवस ठरवला. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या लावतो, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण त्याआधी गाऱ्हाणं. देवाला आधी हकीकत सांगायची, मग विचारायचं. आणि ती सांगणारा मी.

आदल्या दिवशी धोतराची घडी माझ्यापुढे ठेवत बायको म्हणाली, "उद्या ह्या नेसतास? की पँट घालतास?"

"पँट कित्या?"

"ह्या धोतर त्या दिवशी मी धुतलंय. सोगो टाचेखाली फाटलेलो. माका कळणा नाय काय? तळव्यांका खुंट टोचलेले ते मीच काढलंय. खुर्चेर बसलेल्या माणसाक खुंट टोचतत?"

"मगे इतके दिवस बोलाक नाय ता?"

"तुम्ही बोलाची वाट बघी होतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

देवळात वीसपंचवीस पुरुष होते. मुलगा हेल्मेट हातात घेऊन बाहेर दीपमाळेपाशी उभा. त्याची आई पायरीवर बसलेली. गुरवाने पाकळ्या लावायची तयारी केली. मी नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, गेल्या वर्साक तुझ्या येशीत गाण्याबजावण्याचो कार्यक्रम झालो."

"व्हय म्हाराजा."

"तेच्यात तुझो हो गाऱ्हाणेकार पडलो आणि तेचो हात मोडलो."

"व्हय म्हाराजा."

"तेका कोणी पाडूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"तो आपल्या पायान उठलो, पोरांच्या रिंगणात घुसलो, नाचलो, आणि आपल्याच धोतराच्या सोग्यार पाय देवन पडलो."

"व्हय म्हा..." इथे अर्ध्यांचं तोंड उघडंच राहिलं. तोंडाच्या सवयीने सगळ्यांनी होकार भरला होता आणि आता कशाला भरला ते डोक्यात शिरत होतं.

"आणि ह्या तेणा गावापासून लपवन ठेवला."

"व्हय म्हाराजा," मागे बसलेले एक बहिरे आजोबा एकटेच मोठ्याने म्हणाले.

मानकरी माझ्याजवळ आले. "नाचलंस?"

"नाचलंय."

"तू?"

"मी."

"धोतरात?"

"धोतरातच."

कोणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले. मानकरी हसले नाहीत. "वर्सभर गाव त्या पोराक बोल लावता हा," ते म्हणाले, "आणि तू घरात बसान शहाळी पितंस. लाज नाय वाटाक तुका?"

"वाटली," मी म्हणालो. "म्हणान तर आज सांगलंय."

"उशिरा वाटली."

गुरव ओल्या पाकळ्या तळहातावर घेऊन तसाच उभा होता. "लावू काय नको?" त्याने विचारलं.

"आता देवाक काय विचारूचा?" मानकरी म्हणाले. "ह्यो पडलो तो आपल्या पायान. करांदे कार्यक्रम त्या पोराक. आणि यंदाचा गाऱ्हाणा," माझ्याकडे बोट करून, "ह्यो घालूचो नाय." माझ्या पुतण्याला नारळ दिला. त्यात मला वावगं वाटलं नाही. ते पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत, ते मात्र लागलं.

बाहेर आलो तर शेजारीण उठून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"भाऊनू," ती म्हणाली, "तुम्ही माका माफ केलात त्या दिवशी. ता आता परत घेवा. माका तेचो काय उपयोग?"

"घेतलंय," मी म्हणालो.

"आणि दोदोल?"

"ता हिणा खाल्ल्यान."

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. पण जाऊ दे, असं ती म्हणाली नाही, आणि मीही ते तिच्याकडे मागितलं नाही. ती उतरून चालायला लागली. मुलगा मागे राहिला. त्याला मी विचारलं, "तू कित्या गप रवलंस? तू तर बघलेलंस."

"तुम्ही गर्दी होती म्हणालात," तो म्हणाला. "गर्दी होतीच. मगे मी काय बोलतलंय?" हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, "पण एक सांगा, काकानू. आत कसा वाटला?"

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? मी त्याला देवळाच्या गडग्यावर बसवून गिरणीचं सांगितलं. इंजिन, पट्टा, त्याचा जोड, पाय उचलून ठेवणं. तो सगळं ऐकत होता आणि मांडीवर बोटांनी वाजवून बघत होता. "जोडाचो आवाज कसो?" त्याने विचारलं. मी तोंडाने काढून दाखवला. "वायच सावकाश," तो म्हणाला. मी परत काढला. आम्ही बराच वेळ बसलो.

यंदाचा कार्यक्रम परवाच झाला. पुतण्याने गाऱ्हाणं फार लांबवलं, पोरं व्हय म्हाराजा म्हणून म्हणून दमली. मी पँट घातली होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ट्रॉम्बोनवाल्याची आई होती. दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं ते शिडीवरून उतरणारं. माझा पाय हलायला लागला. तिने खाली बघितलं, मग समोर बघितलं.

"उठतास तर सांगान उठा," ती म्हणाली.

"उठतंय," मी म्हणालो.